कोतवाल बुकातलं एक पान

वडील गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी वारस नोंदीचा अर्ज घेऊन गावच्या तलाठी कार्यालयात गेले. जमीन म्हणजे फक्त एक एकर बारा गुंठे, तीही जिरायत. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात आमचं गाव आहे. तिथं एवढ्या तुकड्यात ज्वारी-मटकीपलीकडे काही होत नाही. भावाचं म्हणणं होतं, एवढ्याशा जमिनीसाठी पुण्याहून खेटे कशाला घालतेस? पण वडिलांनी शेवटच्या आजारातही त्या तुकड्याचा सातबारा उशाखाली ठेवला होता. त्यांच्या पश्चात तो निदान नीट करून ठेवावा, एवढंच माझ्या मनात होतं.

तलाठी तरुण आणि मन लावून काम करणारा होता. त्यानं सातबारा पाहिला, आठ-अ पाहिला आणि सातबाऱ्यावरच्या एका वर्तुळावर बोट ठेवलं. "ताई, तुमच्या आजोबांच्या नावावर जमीन कशी आली त्याचा हा फेरफार. नंबर आहे, पण कागद माझ्याकडे नाही. तालुक्याला रेकॉर्ड रूममध्ये मिळेल. आणि वंशावळ लागेल, प्रतिज्ञापत्रावर."

वंशावळ मी तिथंच बाकावर बसून लिहायला घेतली. खाली मी आणि भाऊ. वर वडील. त्यांच्यावर आजोबा. आजोबांच्या वर पणजोबा. पणजोबांचं नाव लिहिताना हात थबकला, कारण ते माझ्या वडिलांचंच नाव होतं. आजोबांनी आपल्या वारलेल्या वडिलांचं नाव पहिल्या मुलाला ठेवलं होतं. त्यापलीकडे मला काहीच लिहिता येईना. पणजोबा कधी जन्मले, कधी वारले, त्यांना किती मुलं होती, यातलं काहीही माझ्याजवळ नव्हतं.

आमच्या घरात पणजोबांविषयी तीनच वाक्यं होती. ते मुंबईला गिरणीत गेले. तिकडेच मेले. आणि ते मेल्यावर थोरल्या पातीनं आपली जमीन गिळली. पहिली दोन वाक्यं विचारलं तर सांगितली जायची. तिसरं मात्र न विचारता ऐकू यायचं. दिवाळीत, लग्नात, आजोबांचं पोट दुखायचं तेव्हासुद्धा. थोरली पाती म्हणजे पणजोबांच्या चुलतभावाचं घराणं. त्यांचं घर गावात आमच्या पडक्या घराला लागूनच आहे, मधे फक्त एक बोळ. आजोबांच्या हयातीपासून त्यांच्याशी आमची बोलाचाल नव्हती. सुतक मात्र दोन्हीकडे पाळलं जायचं. त्यांच्याकडे कुणी गेलं की पत्र यायचं, नंतर फोन यायचा. तेवढा निरोप सांगून फोन ठेवला जायचा आणि आमची आई दहा दिवस देवाला दिवा लावायची नाही. भावकी तुटत नाही ती अशी.

आता या घरातलं जुनं माणूस म्हणजे एक आत्या. वय अठ्ठ्याऐंशी. मी फोन करून विचारलं तर ती म्हणाली, "दादांनी सांगितलं तेच मी सांगणार. बाप मुंबईत मेला, पाच-सहा वर्षांचं पोर घेऊन आमची आजी माहेरी गेली, आणि मागं जमीन गिळली त्यांनी." दादा म्हणजे माझे आजोबा. ते आजोळी वाढले, सोळाव्या वर्षी मुंबईला गेले आणि गिरणीतच म्हातारे झाले.

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की पुण्यात माणसांना पेशवे दप्तर आठवतं. ओळखीच्या एका गृहस्थांनी मलाही तिकडेच जायला सांगितलं. कापडाच्या रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद तिथं आहेत, त्यांचं मोल मोठं आहे. पण ज्याला इनाम नाही, वतन नाही, सनद नाही, अशा घराची गोष्ट तिथं सापडणं अवघड. कोरडवाहू शेतकऱ्याचं नाव सरकारनं लिहिलं ते शेतसाऱ्यासाठी. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात रयतवारी मोजणी सुरू केली, ती पुढं सगळ्या मुंबई इलाख्यात पोचली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, प्रत्येक नंबरावर आकार बसला, आणि तो आकार कोण भरणार याचं एक नाव लिहिलं गेलं. पुढं १९०३मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला आणि जमिनीवरचं नाव का बदललं, त्याचं कारणही लिहिलं जाऊ लागलं. तीच फेरफाराची वही. म्हणजे माझ्या पणजोबांचा माग काढायचा तर तो माणसाच्या नावानं लागणार नव्हता. जमिनीच्या नंबरानं काढावा लागणार होता.

आणि नंबरच बदललेले होते. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली पुढं गावोगाव गटवारी झाली, तेव्हा जुने सर्व्हे नंबर गेले. मोजणी ऑफिसात गटवारीचं पत्रक काढून पाहिलं, तेव्हा कोणत्या सर्व्हे नंबराच्या कोणत्या हिश्शाचा हा गट झाला ते कळलं. मग त्या सर्व्हे नंबराचा जुना सातबारा काढला. त्यावर नावांच्या शेजारी वर्तुळात फेरफारांचे नंबर. एका नंबरावरून मागच्या नंबराकडे, त्यावरून आणखी मागं. विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तसं हे काम होतं. प्रत्येक पायरीला एक अर्ज, त्यावर कोर्ट फी तिकीट, नकलेची फी, आणि आठ-पंधरा दिवसांचा खंड.

मी गेले तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये गर्दी होती. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून राज्यभर या खोल्यांना जाग आली. जुनी रजिस्टरं बाहेर निघाली, पुष्कळशी स्कॅन झाली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून बोलावलं जाऊ लागलं. प्रत्येकाच्या हातात आपापल्या घराची वंशावळ होती आणि प्रत्येकाचं बोट तिच्यातल्या वरच्या एका रिकाम्या जागेवर होतं. एक पंचाहत्तरीचे गृहस्थ कुठल्याशा खेड्यातून दोन एस्ट्या बदलून आले होते. त्यांना त्यांच्या आज्याचं नाव सापडलं, तेव्हा त्यांनी रजिस्टरला हात लावून तो कपाळाला लावला. कारकून म्हणाला, "बाबा, जुना कागद आहे, फाटेल." पण त्याचाही आवाज मऊ झाला होता.

माझा फेरफार सापडला तो १९१९चा. कारकुनानं नक्कल हातात दिली आणि मला आकड्यांखेरीज काहीच वाचता येईना. कागद मोडीत होता. तारीख कळत होती, सर्व्हे नंबर कळत होता, बाकी पानभर नुसती वेलांटी घेत गेलेली काळी रेघ. आपल्याच घराविषयी आपल्याच भाषेत लिहिलेला कागद, आणि मी, चौतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, त्याच्यापुढे निरक्षर. ते फार लागलं मनाला.

तिथल्याच एका मोडी जाणणाऱ्या सद्गृहस्थांनी तो मला वाचून दाखवला. "अमुक बिन तमुक हा गेले साली मयत. वारस मुलगा अज्ञान, वय सहा. अ. पा. क. आई, अमुक कोम अमुक." बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. पणजोबांच्या जागी सहा वर्षांच्या आजोबांचं नाव लागलं होतं आणि त्यांची पालक म्हणून पणजीचं. मला वाटलं संपलं. पण त्यांनी बोट खाली सरकवलं. "शेवटची ओळ ऐका. वर्दी देणार." आणि त्यांनी जे नाव वाचलं ते थोरल्या पातीच्या त्या चुलतभावाचं होतं.

मी त्यांना पुन्हा वाचायला सांगितलं. ज्याचं नाव आमच्या घरात शिवीसारखं घेतलं जायचं, त्यानंच चावडीत जाऊन सांगितलं होतं की माझा भाऊ मेला, त्याला मुलगा आहे, बायको आहे, त्यांची नावं लावा. पणजी तेव्हा माहेरी होती. मुलगा अजाण होता. वर्दी दिलीच नसती तर विचारणारं कुणी नव्हतं.

त्या एका ओळीनं मी मोडी शिकायला लागले. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात, तिथं नाव घातलं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग अक्षरं तिला टांगत जायची. बोरू उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. इकार-उकाराचं ऱ्हस्व-दीर्घ नाही. त्यामुळे ओळीत कुठं शब्द संपला हे अर्थावरून ओळखावं लागतं, आणि अर्थ कळायला आधी शब्द सुटावा लागतो. सुरुवातीला एका ओळीला अर्धा तास लागायचा. चार महिन्यांनी महसुली कागदांतले ठरावीक शब्द डोळ्यांना ओळखीचे झाले: मयत, वारस, कब्जेदार, वहिवाट, खरेदी, गहाण. माणसाच्या आयुष्यातल्या किती थोड्या गोष्टी सरकारला हव्या होत्या, तेही त्यातून कळलं.

आता मला पणजोबांच्या मृत्यूची तारीख हवी होती. 'गेले साली मयत' म्हणजे १९१८. गाव नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते गावकामगार त्यात लिहीत. आमच्या गावचं १९१८चं बुक स्कॅन झालेलं होतं. रेकॉर्ड रूममधल्या संगणकासमोर मला बसू दिलं.

आधी मी आजोबांचा जन्म शोधला. त्यांच्या आजोळच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख एक जून होती. ती खरी नसणार हे शिक्षिका म्हणून मला ठाऊकच होतं. ज्याची तारीख घरच्यांना सांगता आली नाही, त्याला मास्तरांनी एक जून लावून दिला, अशी माणसं महाराष्ट्रात घरोघर आहेत. कोतवाल बुकात फेब्रुवारी १९१३मध्ये नोंद सापडली. बापाचं नाव, आणि पुढं नुसतं 'मुलगा'. बारशाच्या आधीच नोंद झालेली असणार, म्हणून नाव नाही. जन्मभर आजोबांनी एक जूनला वाढदिवस सांगितला. खरी तारीख त्यांना कळायला कुणी सांगणारं राहिलंच नव्हतं.

मग मी मृत्यूची पानं उघडली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पटकी, ताप, म्हातारपण. सप्टेंबर अर्ध्या पानात संपला होता. ऑक्टोबर सुरू झाला आणि तो संपेचना. एक पान, दुसरं, तिसरं, सात पानं. कारणाच्या रकान्यात वर एकदा 'ताप' लिहिलेलं, आणि त्याखाली पानाच्या तळापर्यंत कित्ता, कित्ता, कित्ता. चौथ्या पानावर अक्षर बदललं. आधीचं अक्षर वळणदार होतं, नंतरचं घाईचं आणि मोठं. का बदललं ते बुकात लिहिलेलं नाही.

त्या तापाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. १९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईत पसरला, थोडा ओसरला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्यांदा आला तो मारायलाच आला. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. अंगात अन्न नाही आणि वर हा ताप. १९२१च्या जनगणनेनं देशभरातल्या बळींचा अंदाज सव्वा कोटींच्या आसपास धरला, नंतरच्या अभ्यासकांपैकी पुष्कळांनी त्याहून जास्त सांगितला. तरणीताठी माणसं यात अधिक गेली. हे सगळं मी वाचलेलं होतं, वर्गात शिकवलेलंही होतं. पण ती सात पानं एकामागून एक सरकवताना ते मला पहिल्यांदा समजलं. यातल्या आडनावांची घरं आजही गावात आहेत. यातला प्रत्येक कित्ता कुणाच्या तरी ओसरीवरचा होता.

पाचव्या पानावर माझ्या वडिलांचं नाव होतं.

पणजोबांचं, खरं तर. पण वडिलांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि मयतांच्या रकान्यात ते नाव वाचताना मला काही क्षण काळाचं भान राहिलं नाही. वय अठ्ठावीस. कारण, कित्ता. म्हणजे ते मुंबईत गेले नव्हते. गावातच, आपल्या घरात गेले होते. मुंबईहून ते आजारी होऊन परतले, की साथीला भिऊन आले आणि इथं गाठलं, ते कळायला मार्ग नाही. पण ते परत आले होते. बायको जवळ होती. तेवढंही मला खूप वाटलं.

मी पान बंद करणार, तेवढ्यात नजर खाली गेली. चार दिवसांनंतरची तारीख. बापाच्या रकान्यात पुन्हा तेच नाव. मयताच्या नावाच्या रकान्यात 'मुलगी'. वय दोन. कित्ता.

मोडी शिकल्याचा मला अभिमान वाटू लागला होता. त्या क्षणी वाटलं, मी चुकीचं वाचत असेन तर बरं. शेजारच्या टेबलावर ते मोडीचे जाणकार होते, त्यांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर वाचलंत."

आजोबांना बहीण होती. त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. पाच वर्षांच्या मुलाला दोन वर्षांची बहीण आठवायला हवी होती. आठवत असेलही. पण ते कधी बोलले नाहीत. संध्याकाळी मी आत्याला फोन केला. ती इतका वेळ गप्प राहिली की फोन कट झाला असं मला वाटलं. मग म्हणाली, "आजी माझ्याजवळ निजायची गं. माहेरचं सांगायची, दुष्काळाचं सांगायची, कुणाच्या लग्नात कोण रुसलं ते सांगायची. हे नाही बोलली कधी." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आणि जमीन गिळली असंही आजी नाही म्हणायची. ती म्हणायची, जमीन गेली. गिळली हा दादांचा शब्द."

त्या रात्री मला झोप लागली नाही. एका घरानं शंभर वर्षं एक राग जपला होता. तो आम्हा नातवंडा-पतवंडांपर्यंत नीट पोचवला होता. आणि त्याच घरातली एक मुलगी मात्र कुणीच पुढं पोचवली नव्हती. तिला जपलं ते कुणा गावकामगाराच्या घाईच्या अक्षरानं, जो तिला नावानंही ओळखत नव्हता आणि ज्याला फक्त महिन्याचा आकडा तालुक्याला कळवायचा होता.

आता जमिनीचाही माग पुरा करणं भाग होतं. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची दोनमध्ये सर्व्हे नंबरावरून शोध घेतला, तेव्हा १९१४चा दस्त सापडला. सहा एकर बारा गुंठ्यांपैकी पाच एकर पणजोबांनी स्वतःच एका सावकाराला मुदत खरेदीनं लिहून दिली होती. रक्कम अडीचशे रुपये, मुदत पाच वर्षं. मुदत खरेदी म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे परत दिले तर जमीन आपली, नाही दिले तर सावकाराची. दस्ताखाली 'निशाणी नांगराची' असं होतं. ज्याला सही येत नाही असा कुणबी कागदावर नांगराचं चित्र काढायचा, तीच त्याची सही.

मुदत १९१९मध्ये संपत होती. पणजोबा मुंबईला गिरणीत का गेले, ते आमच्या तीन वाक्यांत नव्हतं. कागदही ते सांगत नाही. पण अडीचशे रुपये आणि पाच वर्षं एवढं समोर ठेवलं की माझ्यापुरतं उत्तर मिळतं. मुदत संपायला काही महिने उरले असताना ते गेले. पैसे भरणारं कुणी नव्हतं. जमीन सावकाराची झाली. १९२४मध्ये थोरल्या पातीच्या चुलतभावानं ती साडेचारशे रुपयांना सावकाराकडून खरेदी केली. तो फेरफारही आहे. गिळलेली नाही, विकत घेतलेली.

उरलेला एक एकर बारा गुंठे मात्र आजोबांच्या नावावर राहिला, आणि कसत होती थोरली पाती. जुन्या सातबाऱ्यावर खाली पीकपाहणीत वर्षानुवर्षं त्यांची नावं आहेत. इथं मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी दुसऱ्याची जमीन जो कायदेशीर कूळ म्हणून कसत होता, तो तिचा मालक मानला गेला. राज्यात असंख्य जमिनींवरची नावं त्या कायद्यानं बदलली. थोरल्या पातीचा दावा त्यात बसला असता की नाही, हे वकील सांगतील. पण त्यांनी मागणीच केल्याची नोंद कुठं नाही. मालक मुंबईत, कसणारे हे, पीकपाहणीला नाव यांचं, आणि तरी कब्जेदार म्हणून माझ्या आजोबांचं नाव एकाही फेरफारानं हललं नाही.

आजोबांची बाजूही मला कळते. ते सुटीत गावी यायचे, तेव्हा बापाच्या शेतात चुलत्याची औतं चालताना दिसायची. सहा वर्षांच्या मुलाला मुदत खरेदी कोण समजावणार? त्याच्या दृष्टीनं बाप गेला, आणि बापाच्या मागोमाग जमीन गेली, आणि ती शेजारच्या घरात दिसत होती. कदाचित त्यांना वाटत असेल, भावकीनं सोडवली तर परतही द्यायला हवी होती. असं वाटणं मी चूक म्हणणार नाही. पण त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीत वर्दी देणार नव्हता, नांगराची निशाणी नव्हती, १९५७ नव्हतं.

नकलांची पिशवी घेऊन मी बोळ ओलांडला तो कार्तिकातला दिवस होता. माझ्या साठ वर्षांत मी त्या घराचा उंबरा पहिल्यांदा चढले. तात्या ओसरीवर बसले होते. नात्यानं माझे चुलते, वय ऐंशीच्या पुढं. मी पाया पडले. कोण ते सांगितलं. त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, च्या टाक. धाकट्या पातीची लेक आलीया." माझं नाव त्यांना ठाऊक होतं.

मी एकेक कागद वाचून दाखवला. वर्दीचा फेरफार ऐकून ते काही बोलले नाहीत. उठले, आतून एक पत्र्याची ट्रंक आणायला लावली. तिच्यात शेतसाऱ्याच्या पावत्यांच्या चळती सुतळीनं बांधलेल्या होत्या. दोन चळती. एक त्यांच्या जमिनीची. दुसरी आमच्या एक एकर बारा गुंठ्यांची, खातेदार म्हणून माझ्या आजोबांचं नाव. "आमच्या बानं सांगितलं हुतं, ह्या येगळ्या ठेवायच्या. त्यांचं कुणी आलं तर द्यायच्या." मग थोडं थांबून, "कुणी आलंच न्हाय."

मी म्हटलं, "तात्या, आम्हाला ठाऊकच नव्हतं."

"आमास्नीबी सांगता आलं न्हाय," ते म्हणाले.

शेवटी मी कोतवाल बुकाचं पान काढलं. पणजोबांची ओळ वाचली. मग खालची. तात्यांनी ती दोनदा वाचायला लावली. नंतर काठी घेतली आणि म्हणाले, "चल."

त्या पाच एकरांच्या वरच्या बांधाला एक जुनी बाभूळ आहे. तिच्या बुंध्याशी घोंगडीएवढी जागा कधी नांगरलेली नाही, हे जमिनीकडे पाहूनच कळतं. चहूकडे काळी ढेकळं आणि मधे वाळकं गवत. गवतात एक दगड, शेंदूर नाही, काही नाही. "आमच्या आज्यानं बाला सांगितलं, बानं मला, मी पोरांस्नी. हितं नांगर घालायचा न्हाय. का, ते कुणी सांगितलं न्हाय. आमी आपलं पाळत आलो. ट्रॅक्टरवाल्यालाबी आधी सांगावं लागतं."

पूर्वी एवढ्या लहान लेकराला जाळत नसत, पुरत. हे तात्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. ती तिथंच आहे, असं मी म्हणत नाही. तसं सांगणारा कागद नाही, आणि कागद जे सांगत नाही ते आपण सांगू नये, एवढं मी या दीड वर्षात शिकले आहे. आम्ही दोघं बराच वेळ त्या दगडाजवळ उभे राहिलो.

परत येताना मी तात्यांना वंशावळ दाखवली. तलाठ्याकडे द्यायची ती वेगळी. ही मी घरासाठी काढली होती, दोन्ही पात्या एका कागदावर, सुना आणि लेकी धरून. आजोबांच्या शेजारी एक चौकट मी रिकामी ठेवली होती. त्यांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हिचं नाव घाल की."

"नाव नाही लिहिलेलं, तात्या. नुसतं मुलगी म्हटलंय."

"मग तसं लिव. त्यानं एवढं लिवलं म्हून तर गावली."

तसंच लिहिलं आहे. मुलगी, वय २, ऑक्टोबर १९१८. तो कागद आता दोन्ही घरांत आहे.